बंदुकीची खोड

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू मुलुंडला येतो तेव्हा टीव्हीचा रिमोट माझ्या हातून जातो, हे या सदराच्या जुन्या वाचकांना माहीत आहे. गेल्या वर्षी त्याने मला तीन आठवडे केक भाजायची स्पर्धा दाखवली होती. यंदा बंदुका. संध्याकाळी सातच्या बातम्यांच्या वेळेला घरात गोळीबार सुरू होतो आणि आमची ही स्वयंपाकघरातून ओरडते, "तुमच्या बातम्या लागल्यात का?"

कार्यक्रमाचं नाव 'टॉप शॉट'. अमेरिकेतल्या हिस्टरी चॅनलवर २०१० च्या जूनमध्ये सुरू झाला, २०१३ पर्यंत त्याचे पाच हंगाम झाले. आता नातवाला तो कुठेतरी फोनवर सापडला आणि त्याने तो टीव्हीवर चढवला. देशभरातले पट्टीचे नेमबाज एका घरात आणून ठेवायचे, पहिल्या हंगामात असे सोळा होते, त्यांचे लाल आणि निळे असे दोन संघ करायचे आणि त्यांच्या हातात एकेक काळातली हत्यारं द्यायची. आज शंभर वर्षांपूर्वीची रायफल, उद्या धनुष्य, परवा फेकायची सुरी नाहीतर कुऱ्हाड. शेवटपर्यंत टिकेल त्याला एक लाख डॉलर. पहिल्या वर्षी ते ब्रिटिश लष्करातल्या एका माजी अधिकाऱ्याने, इयन हॅरिसनने नेले.

मला त्यातली एकच गोष्ट मनापासून आवडली. हरलेल्या संघाने आपल्यातला कोण घरी पाठवायचा हे ठरवताना चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत, हात वर करायचे नाहीत. प्रत्येकाच्या नावाचं एकेक लक्ष्य उभं करायचं आणि जो नकोसा असेल त्याच्या नावावर गोळी झाडायची. तो शेजारीच उभा राहून बघत असतो. ज्यांच्या नावावर जास्त गोळ्या, ते दोघे एकमेकांशी लढणार आणि त्यातला एक बॅग भरणार. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ही पद्धत आणली, तर पुनर्विकासाचा विषय अकरा वर्षं रेंगाळला नसता. आमच्याकडे लोक समोर "सेक्रेटरीसाहेब म्हणतात ते बरोबर" म्हणतात आणि जिन्यात गोळ्या झाडतात. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

माझी चिडचिड वेगळ्याच कारणाने झाली. या कार्यक्रमातले लोक म्हणजे साधेसुधे नव्हेत. कुणी सैन्यातला, कुणी पोलिसांना शिकवणारा, कुणी पिस्तुलाच्या स्पर्धा जिंकलेला. पण हातात आजोबाच्या वयाची बंदूक आली की यांचा नेम चुकतो आणि चेहरा असा होतो, की बंदुकीनेच विश्वासघात केला. एक तर मान हलवून हलवून बंदुकीकडे बघत होता. नातू म्हणाला, "आजोबा, जुनी आहे ना ती, म्हणून." मी म्हटलं, जुनी आहे म्हणून नाही. तिची खोड याला माहीत नाही म्हणून.

खोड हा शब्द त्याला समजावून सांगताना मला मामाची बंदूक आठवली.

माझ्या मामाकडे रत्नागिरी जिल्ह्यात ठासणीची बंदूक होती. शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. कोकणात अशा बंदुका पुष्कळ घरांत होत्या, अजूनही आहेत. माकडांपासून आणि रानडुकरांपासून पीक वाचवायचं एवढंच त्यांचं काम, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होऊन महिनाभर विश्रांती घ्यायची. मामाची बंदूक भरणं हा दहा मिनिटांचा विधी असे. आधी नळीत दारू, वर काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छरे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं, आणि शेवटी केप चढवायची. तोवर माकडं नारळ खाऊन करवंट्या खाली टाकत. मामा घाई करत नसे. तो माडाकडे नेम न धरता माडाच्या उजवीकडे हातभर, नुसत्या आभाळात नेम धरी. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "ती डावीकडे बघते रे. तिला डावीकडे बघायची खोड आहे." आणि चाप ओढल्यावर क्षणभर काहीच होत नसे. "थोडी उशिरा ऐकते पण." मग बार उडे आणि माकडं पळत. मामाला माकड मारायचं कधी नव्हतंच, पण झावळी मात्र त्याने ठरवलेलीच तुटायची.

ती बंदूक वाड्यातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात दिली असती, तर त्याने शेजाऱ्याचं कौल फोडलं असतं. मामाला जगातली दुसरी कुठलीही बंदूक चालवता आली नसती. ही एक येत होती.

जुहूच्या चौपाटीवर फुगे फोडायची बंदूक तुमच्यापैकी प्रत्येकाने चालवली आहे. ती सरळ नसते हेही तुम्हाला माहीत आहे. मी आठवीत असताना पाच छऱ्यांत एकही फुगा फुटला नाही म्हणून रडवेला झालो, तर त्या बंदूकवाल्याने माझ्या हातातून बंदूक घेतली, पाण्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका बाईकडे बघत, फळीकडे नीट न बघताच धडाधड तीन फुगे फोडले आणि बंदूक परत देत म्हणाला, "बंदूक ठीक है, आप सीधा मार रहे हो." या वाक्यावर मी पुढे बँकेत पस्तीस वर्षं नोकरी केली.

आता कुणी म्हणेल, हे सगळं जुन्या, वाकड्या हत्यारांचं झालं. बरोबर. ऑलिम्पिकमधली एअर रायफल वेगळी. तिथे दहा मीटरवरून ज्या दहाच्या ठिपक्यावर नेम धरायचा तो अर्ध्या मिलिमीटरचा असतो. हे वाक्य छापलं आहे त्यातलं अनुस्वाराचं टिंब बघा, साधारण तेवढा. आमच्या मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनीत याच प्रकारात अंतिम फेरीपर्यंत गेल्या होत्या. २०२४ मध्ये पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून अशा तिन्ही तऱ्हांनी नेम धरत कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेने ब्राँझ आणलं. खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाचं हे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. स्वप्नील तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, त्यामुळे आमच्या लाइनीवर त्याचं कौतुक जरा जास्त झालं. विनातिकीट माणूस गर्दीत टिपायची सवय तिथे कामाला आली असणार, असं डोंबिवली लोकलमध्ये एक गृहस्थ ठामपणे सांगत होते. त्या बंदुकांना खोड नसते, ती काढून टाकलेली असते. तिथे खोड माणसाची असते, श्वासाची, नाडीची. ती ओळखायला हे लोक दहा-पंधरा वर्षं घालवतात.

हे मी नातवाला सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला नाही, आवाज तेवढा कमी केला. मग म्हणाला, "पण आजोबा, आता असं कुणी आहे का? म्हणजे खरं. इथे."

मी म्हटलं, उद्या सकाळी सव्वासहाला उठ.

आमची इमारत चाफेकर बंधू मार्गावर. अशा नावाच्या रस्त्यावर राहून नेमबाजीवर हलकंसलकं लिहू नये, हे मला कळतं. इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, लिफ्ट नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमचा पेपरवाला गेली अकरा वर्षं वर चढत नाही. सायकलवरून उतरतही नाही. एक पाय कंपाउंडच्या कट्ट्यावर टेकवतो, पेपरची तिहेरी घडी घालतो, तिचं एक टोक दुसऱ्यात खोचतो, की झाली सुरळी. रबर नाही, सुतळी नाही. मग हात कमरेखालून वर येतो आणि पेपर आमच्या गॅलरीत. आता गॅलरी म्हटली तरी तिला बॉक्स ग्रिल आहे, ग्रिलला कबुतरांची जाळी आहे, शेजारी एसीचं खोकं बाहेर आलेलं आहे. जाळीला डाव्या कोपऱ्यात मी एक चौकोन सोडून ठेवला आहे, वीतभर रुंद आणि त्याहून थोडा उंच. पेपर त्यातून येतो. आत तुळशीची कुंडी आहे, तिच्या अलीकडे पडतो.

मी त्याला एकदा विचारलं होतं, हे जमतं कसं. तो म्हणाला, "काका, आपण काय करतोय? पेपर जातो. पुरवणी असली की जड होतो, तेव्हा खांद्यातनं द्यायचा. पातळ असला की वाऱ्यावर फिरतो, त्याला जरा घट्ट वळायचा. पावसात पिशवीतला पेपर घसरतो, तो थोडा अलीकडनं टाकायचा. जाहिरातीचं चोपडं आत असलं की ते हवेत निघतं, ते आधीच काढून वॉचमनला देतो." आमच्या घरी फर्निचरच्या सेलची पत्रकं का येत नाहीत, याचं उत्तर मला तिथे मिळालं.

अकरा वर्षांत त्याचा नेम एकदा चुकला. तेव्हा ग्रिल रंगवायला परांचीवर ठेवलेला रंगाचा डबा गेला. चूक त्याची नव्हती, डबा त्याच्या वाटेत होता.

तर नातू खरंच उठला. गॅलरीत उभा राहिला. खाली सायकल आली, पाय कट्ट्यावर टेकला, पेपर आला. नातवाने पेपर उचलला, खाली बघितलं, तोवर सायकल पुढच्या इमारतीशी. एवढ्यात झालं सगळं. त्याला काय झालं ते नीट दिसलंसुद्धा नव्हतं. टीव्हीवर तीच गोळी चार वेळा सावकाश दाखवतात, त्याची सवय.

मग तो जुने पेपर घेऊन खाली उतरला.

पहिला पेपर उघडून पसरला आणि त्याच्याच डोक्यावर आला. दुसरा तळमजल्यावरच्यांच्या खिडकीत. तिसरा एसीच्या खोक्यावर आपटला. मला राहवेना, मीही उतरलो. मी बँकेतला माणूस, घडी चांगली घालतो. माझा पेपर सरळ वर गेला, जाळीला लागला आणि तिच्यातली दोन कबुतरं उडवून खाली आला. पुढचा पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या छज्ज्यावर पडला तो तिथेच राहिला. नातवाचा सातवा आणि आठवा त्याच्या सोबतीला गेले. तोपर्यंत वॉचमन, दूधवाला आणि फिरून आलेले दोघे ज्येष्ठ नागरिक असा प्रेक्षकवर्ग जमला होता आणि प्रत्येकाचा सल्ला वेगळा होता. काकूंनी खिडकी उघडली. छज्ज्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "भाऊ, नेमका तुमचा लेख वर आलाय. फोटोवर कबुतर बसलंय."

अकरा पेपर टाकले. एकही आत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरवाल्याला नातवाने पैज लावायला सांगितलं, तिसऱ्या मजल्यावर टाकून दाखवा म्हणून. त्याने डोकं हलवलं. "तिसऱ्यावरचे पेपर घेत नाहीत, फोनवर वाचतात." आणि गेला. लक्ष्यच उरलं नाही तर नेम कशावर धरणार?

तसे आमचेही दिवस भरत आले आहेत. अकरा वर्षांनी पुनर्विकासाच्या कागदांवर सगळ्यांच्या सह्या झाल्या. दिवाळीनंतर इमारत रिकामी करायची. नवा टॉवर बावीस मजल्यांचा, आम्हाला चौदावा मिळेल. नकाशात तीन लिफ्ट आहेत, जिम आहे, मुलांना खेळायला गच्ची आहे. पेपरवाल्याला आत सोडणार नाहीत, त्याने गठ्ठा गेटवर द्यायचा, तो कुणीतरी लिफ्टने वर आणणार, आणि बहुतेक दुपारी आणणार. मी बिल्डरच्या माणसाला विचारलं, चौदाव्या मजल्याच्या जाळीला वीतभर चौकोन सोडता येईल का. तो म्हणाला, "सर, जाळी नाही, काच आहे."

नातू परवा परत गेला. 'टॉप शॉट'चा शेवटचा हंगाम बघायचा राहिला आहे, तो पुढच्या सुट्टीत. छज्ज्यावरचे तीन पेपर अजून तिथेच आहेत.

तुमच्या गॅलरीत अजून पेपर येऊन पडत असेल, तर एकदा सव्वासहाला उठून खाली कोण उभा असतो ते बघा. सुट्टे पैसे तयार ठेवा आणि त्याचं महिन्याचं बिल पाच तारखेच्या आत द्या.