स्कार्फच्या आड ठणकणारा कान

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत कान-नाक टोचण्याचे प्रश्न वाढतात. पूर्वी विचारणा असायची ती एवढीच, की बाळाचे कान कधी टोचावेत, आणि सोनाराकडे न्यावे की डॉक्टरकडे. आता प्रश्न वेगळे येतात आणि ते आई विचारत नाही, मुलगी विचारते. वर "अम्मीला कळू देऊ नका" अशी विनंती असते. कानाच्या वरच्या कडेला घरीच भोक पाडले, आज आठवा दिवस, कान गरम लागतो, उशीवर टेकवत नाही. नाकात चमकी घातली, तिच्या शेजारी लाल गाठ आली आहे. बेंबीजवळ टोचले होते, कडी हळूहळू वर येते आहे. जोगेश्वरीत बेहराम बागेतल्या इमारती असोत की पूर्वेला मेघवाडीच्या चाळी, गोष्ट साधारण सारखीच.

हे घडते कसे, ते आधी आयांनी समजून घ्यावे. मैत्रिणीच्या घरी दार लावून घ्यायचे. बर्फाने कान बधिर करायचा. मागे खोडरबर किंवा बटाट्याची फोड धरायची. सुई मेणबत्तीवर तापवायची आणि ढकलायची. ज्यांना सुईची भीती वाटते त्यांच्यासाठी ऑनलाइन शंभर-दोनशे रुपयांत प्लास्टिकची छोटी गन मिळते, खडा तिच्यात आधीच बसवलेला असतो. मोबाइलवरच्या व्हिडिओत हे सगळे अर्ध्या मिनिटात होते आणि मुलगी शेवटी हसताना दिसते. दहा दिवसांनंतरचा व्हिडिओ कोणी टाकत नाही.

मेणबत्तीवर तापवलेल्या सुईला काजळी धरते आणि तीच काजळी जखमेत जाते. शिवाय तापवलेली सुई आपण पुन्हा बोटांनीच धरतो. गनचा तोटा निराळा आहे. तिच्यातला खडा सुईइतका धारदार नसतो, तो स्प्रिंगच्या जोरावर मांस चेपत आत घुसतो. कानाची पाळी मऊ असते, ती हे बरेचदा सोसते. वरचा भाग सोसत नाही.

कानाची पाळी आणि कानाची वरची कड एकाच कानात असल्या तरी त्यांची जात वेगळी आहे. पाळीत चरबी असते, रक्त भरपूर खेळते, त्यामुळे ती सहा ते आठ आठवड्यांत भरून येते. वरच्या कडेत कूर्चा असते, म्हणजे ते लवचीक, कुरकुरीत हाड. त्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिच्यावर एक पातळ आवरण असते, त्यातून तिचे पोषण होते. सुई किंवा गन तिथून गेली आणि आत जंतू राहिले, की आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये पू साचतो. पू साचला की आवरण सुटते, आवरण सुटले की कूर्चेचे पोषण तुटते आणि ती मरू लागते. मेलेली कूर्चा परत येत नाही. कान आक्रसून चुरगळल्यासारखा होतो आणि तो जन्मभर तसाच राहतो. प्लास्टिक सर्जरीने थोडाफार सावरता येतो, पण पहिल्यासारखा होणे कठीण. आणि वरच्या कडेची साधी जखमसुद्धा पूर्ण भरायला चार महिन्यांपासून वर्षभर लागते, हे टोचणाऱ्या मुलींपैकी फार थोड्यांना माहीत असते.

यात स्वच्छतेचा देखावा उपयोगी पडत नाही, हे सांगणारी एक घटना वैद्यकीय पुस्तकांत नोंदलेली आहे. सन २००० मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यात दागिन्यांच्या एकाच स्टॉलवर कानाच्या वर टोचून घेतलेल्या अनेक जणांचे कान पिकले. त्यातल्या सात जणांत स्यूडोमोनास नावाच्या जंतूची खात्री पटली. काहींना शस्त्रक्रिया करावी लागली, काहींचे कान वेडेवाकडे झाले. आरोग्य खात्याने शोध घेतला तेव्हा तो जंतू सापडला जंतुनाशकाच्या बाटलीत. तीच बाटली पुन्हा पुन्हा भरून वापरली जात होती. म्हणजे जे औषध जखम स्वच्छ करण्यासाठी फवारले जात होते, त्यातूनच घाण आत गेली. आपल्या बाथरूमच्या फळीवर वर्षभर उघडी पडलेली अँटिसेप्टिकची बाटली आठवून पाहा.

या जंतूची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेडिकलवाल्याकडून आपणच मागून आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत. मुलगी तीन दिवस गोळ्या घेते, वाटते औषध सुरू आहे, आणि आत पू वाढत राहतो. पाळी सुजलेली नाही, पण तिच्या वरचा सगळा कान लाल, गरम आणि ठणकतो आहे, असे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आता आपल्या घरांपुरती एक अडचण. आपल्या मुली स्कार्फ बांधतात. सकाळी बांधलेला स्कार्फ संध्याकाळी सुटतो. जोगेश्वरी स्टेशनच्या पुलावर, बसमध्ये, मे महिन्याच्या दमट हवेत कान दिवसभर घामात राहतो. सिंथेटिक कापड असेल तर आणखीच. कापडाचा धागा कडीत अडकतो, काढताना हिसका बसतो आणि भरत आलेली जखम पुन्हा उघडते. आणि मुख्य म्हणजे कान झाकलेला असल्यामुळे घरात कोणाला दिसत नाही. मुलगी घरातही ओढणी कानावरून घेऊन बसू लागली तर अम्मीला वाटते, बरे वळण लागले! आमच्या पाहण्यात जे कान फार बिघडले, त्यांतल्या बहुतेकांचे दुखणे आठ-दहा दिवस असेच आड राहिले होते. उपाय सोपे आहेत. सुती, सैल कापड, रोज धुतलेले. घरात आल्यावर कान मोकळा. कडीऐवजी चपटा, गुळगुळीत खडा. पण हे सगळे ती उघडपणे करू शकली तरच!

वुजूबद्दलही विचारले जाते. प्रत्येक वुजूला कडी फिरवून पाणी आत घालवण्याची सवय काही घरांत वडीलधाऱ्या बायकांनी लावलेली असते. बऱ्या झालेल्या भोकाला त्याने काही होत नाही. ओल्या जखमेत मात्र दिवसातून पाच वेळा कडी फिरवली की आत धरलेली नवी कातडी पाच वेळा फाटते. साधे स्वच्छ पाणी वरून ओघळून गेल्याने सहसा बिघडत नाही, बिघडते ते फिरवण्याने. जखमेला इजा होत असेल तर शरीअतने सवलत ठेवलेली आहे. वुजूत आणि गुस्लमध्ये नेमके काय करावे हे आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारून घ्यावे, त्यात लाजण्यासारखे काही नाही.

नाकाच्या चमकीशेजारी येणारी लाल गाठ बहुतेक वेळा घर्षणाने किंवा हलक्या धातूमुळे येते आणि जखमेची नीट काळजी घेतली की बसते. केलॉइड ही वेगळी गोष्ट. टोचलेल्या जागी कातडी वाढत जाते, भोकाच्या हद्दीबाहेर पसरते, गुळगुळीत आणि कडक गाठ होते, कधी खाज सुटते, कधी दुखते. पाळीच्या मागे बोराएवढी, कधी त्याहून मोठी. सावळ्या कातडीच्या लोकांत केलॉइड अधिक होतो आणि तो घराण्यात चालतो. नुसता कापून काढला तर बरेचदा परत येतो, पहिल्यापेक्षा मोठा होऊन. म्हणून डॉक्टर गाठीत स्टिरॉइडची इंजेक्शने देतात, दाब देणाऱ्या क्लिपा लावतात आणि शस्त्रक्रिया केलीच तर तिच्या जोडीला हे उपाय चालू ठेवतात. हे महिनोन् महिने चालणारे काम आहे. टोचण्याआधी घरात एकच चौकशी करावी: अम्मी, खाला, फुफी, दादी यांपैकी कोणाच्या ऑपरेशनचा, भाजल्याचा किंवा लसीचा व्रण असा फुगलेला आहे का? असेल तर कानाची वरची कड आणि बेंबी यांचा नाद सोडावा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत कान अकराव्या वर्षाआधी टोचले असता केलॉइड कमी आढळला. लहानपणी कान टोचण्याच्या आपल्या जुन्या रिवाजाच्या बाजूचा हा एक पुरावा.

बेंबी आणि भुवई यांचे दुखणे आणखी निराळे. पायात काटा मोडला आणि काढला नाही, तर शरीर त्याला हळूहळू कातडीकडे ढकलते, हे कोकणातल्या कोणालाही सांगायला नको. वरवरच्या कातडीतून गेलेल्या कडीलाही शरीर तसाच काटा समजते. दोन भोकांमधले अंतर कमी होत जाते, भोके लांबट होतात, मधली कातडी इतकी पातळ होते की आतली धातू दिसू लागते. एवढे दिसले की कडी राखण्याचा हट्ट धरू नये. वेळेवर काढून घेतली तर बारीक वण राहतो. राहू दिली तर एके दिवशी कातडी चिरून ती आपणच बाहेर येते आणि पांढरी, रुंद रेघ मागे ठेवते. घरी टोचताना सुई जेमतेम कातडीखालून नेलेली असते, म्हणून हे घरच्या टोचण्यात जास्त होते.

यावर वयस्क वाचक म्हणतील, आमच्या दादी-नानींच्या कानांच्या कडेला ओळीने बाळ्या असत, त्यांना कुठे काय झाले? त्यांचे कान लहानपणी, सवयीच्या हाताने, एकेक करून टोचले जात. आणि ज्यांचे बिघडले त्यांच्या कानांची गोष्ट कोणी सांगत बसले नाही. जुन्या उपायांतलेही सगळे जपण्यासारखे नाही. भोक बुजू नये म्हणून खराट्याची काडी घालायची पद्धत अजून आहे. झाडूने दिवसभर जमीन झाडायची आणि त्याचीच काडी उघड्या जखमेत घालायची, याहून धनुर्वाताला सोपा रस्ता कोणता? हळद-तेलाचा लेपही ताज्या जखमेवर मळ धरून ठेवतो. उकळून गार केलेल्या कपभर पाण्यात पाव चमचा मीठ, त्याने दिवसातून दोनदा खपली भिजवून पुसणे, एवढे पुरे.

जड झुमक्यांनी ओघळलेल्या, फाटलेल्या पाळ्या हा आपल्या लग्नसराईतला जुनाच प्रकार. तो किती जुना, तर सुश्रुतसंहितेत पाळी जोडण्याच्या पंधरा रीती दिल्या आहेत आणि चुकीच्या जागी टोचल्यास ताप व सूज येते हेही लिहिले आहे. ईदला नवे झुमके घालायचे असतील तर पाळी शाबान लागताच टोचून घ्यावी. चाँदरातीच्या आदल्या आठवड्यात टोचून ईदला जड झुमका घातला, तर जखम ओढून लांबते.

धातूबद्दल दोन शब्द. हलक्या दागिन्यांत निकेल असते आणि त्याने कानाला खाज, पाणी, पुरळ येते. एकदा अंगाला ही खोड लागली की ती सहसा जन्मभर राहते. सोन्याची चमकी घेतली म्हणून निर्धास्त होऊ नये. २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला असला तरी दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला त्यातून सूट आहे, आणि चमकी त्याहून हलकीच असते. ओळखीच्या सोनाराकडून, कॅरेट लिहिलेली पावती घेऊनच घ्यावी.

सुई दोघींत मिळून वापरली जाते, तेव्हा प्रश्न पू-पुरळापुरता राहत नाही. हिपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवसांपर्यंत टिकतो. हिपॅटायटिस-सी आणि एचआयव्हीचाही धोका असतो. रक्तपेढीत गेल्यावर फॉर्मवर अलीकडे काही टोचून घेतले का, असे विचारतात ते यासाठीच. घरातल्या मोठ्या मुलींना हिपॅटायटिस-बीची आणि धनुर्वाताची लस मिळालेली आहे का, ते जुन्या लसीकरण कार्डावर पाहून घ्यावे. मधुमेह असलेल्या, हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्या किंवा रक्त लवकर न थांबणाऱ्या मुलीने डॉक्टरला विचारल्याशिवाय पाळीसुद्धा टोचून घेऊ नये.

आता ज्या घरांत "नाही म्हणजे नाही" एवढेच उत्तर मिळते, त्यांच्याशी थोडे बोलायचे आहे. कानातले दागिने स्त्रियांसाठी आपल्याकडे परके कधीच नव्हते. बुखारी शरीफमध्ये ईदच्या दिवशी हजरत बिलाल (रजि.) यांनी कपडा पसरल्यावर स्त्रियांनी त्यात कानातले काढून टाकल्याचा प्रसंग आहे. बेंबी-भुवईला नाही म्हणायचे असेल तर जरूर म्हणा, त्याला शरीराची आणि हयेची, दोन्ही कारणे आहेत. पण कारण सांगा. आणि पाळीवर दुसरे भोक किंवा नाकात चमकी एवढेच मागणे असेल तर आपणच तिला घेऊन डॉक्टरकडे जा. जिथे सुई समोर पाकिटातून फोडली जाते, वापरून लगेच टाकली जाते आणि हातमोजे नवे घातले जातात, तिथेच टोचून घ्या. मुलांनी कान टोचण्याचे खूळ घेतले असेल तर तो विषय निराळा आहे, त्यावर आलिमांचे म्हणणे स्पष्ट आहे.

जिचा कान आज लाल आहे तिने आज रात्री तो चोळू नये, पिळू नये, कडी ओढून काढू नये. वरचे तोंड बुजून पू आतच कोंडू शकतो. काढायची की ठेवायची ते डॉक्टर ठरवतील. जोगेश्वरीहून कूपर हॉस्पिटल जवळ आहे. तिथे कान-नाक-घसा आणि त्वचा हे दोन्ही विभाग आहेत. केसपेपरची रांग सकाळी लवकर लागते, म्हणून आदल्या रात्रीच तयारी करून ठेवावी. कानाबरोबर ताप असेल, सूज गालाकडे किंवा मानेकडे उतरत असेल, तर सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टीत जावे. डॉक्टरांना तीन गोष्टी खऱ्या सांगाव्यात: कधी टोचले, कशाने टोचले आणि मेडिकलमधून कोणत्या गोळ्या घेतल्या. अम्मी, तुम्ही सोबत असाल तर या तीन प्रश्नांची उत्तरे मुलीला देऊ द्या. ओरडायचे असेल तर घरी परत आल्यावर, कान बरा झाल्यावर ओरडा.