'ट्रॅकवर जा' म्हणणं सोपं आहे, पण मोडली तर भरणार कोण?

एक्सप्रेसवेवर रात्री शर्यती लावणाऱ्या पोरांना आपण सगळे एकच सांगतो, "एवढी हौस असेल तर ट्रॅकवर जा." बरोबरच आहे. परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि रस्त्यावर मरतो तो बऱ्याचदा शर्यतीशी काहीही संबंध नसलेला माणूस.

पण "ट्रॅकवर जा" म्हणणारे पुढचं सांगत नाहीत.

मी माझी रोजची हॅचबॅक चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर चालवली आहे. मजा येते, नाकारत नाही. पण हिशोब समजून घ्या. वेग दुप्पट झाला की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. रस्त्यावर करकचून ब्रेक क्वचित लागतो, इथे प्रत्येक फेरीत अनेकदा, आणि मधे थंड व्हायला उसंत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. मानकानुसार नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, ओलावा धरलेल्याचा १४०. ते उकळलं की पाइपात वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. टायरच्या कडा खाल्ल्या जातात, पॅड झपाट्याने उतरतात. आणि त्याच गाडीने हजारावर किलोमीटर कापून पुण्याला परत यायचं असतं!

हा झिजण्याचा खर्च झाला. खरी भीती वेगळीच आहे.

खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा भाग असतो. कितीजणांनी वाचलाय? आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी त्यात स्पष्ट वगळलेली असते. आयोजक म्हणतात, "ही शर्यत नाही हो, नुसता ट्रॅक डे आहे." क्लेमच्या वेळी विमा कंपनी हे मान्य करेल याची हमी कोण देणार? शिवाय आत जाण्यापूर्वी 'सगळी जोखीम माझी' या कागदावर आपण सही केलेलीच असते. गाडी कर्जावरची असेल तर भिंतीला धडकून चुराडा झाला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही.

ब्रिटनमध्ये ट्रॅक डेसाठी एका दिवसाचा वेगळा विमा मिळतो. नुकसानीचा पहिला मोठा हिस्सा मालकाने सोसायचा, ही अट असते. जर्मनीत न्युर्बुर्गरिंगवर रेलिंग मोडलं तर दुरुस्तीचं बिल चालकाच्या नावावर येतं. स्वस्त काहीच नाही, पण नियम आधीच माहीत असतात.

माझं म्हणणं एवढंच. विमा नियामक आणि कंपन्यांनी असं एक दिवसाचं संरक्षण आपल्याकडेही सहज मिळेल असं करावं. आयोजकांनी पैसे घेण्याआधी, ठळक अक्षरात आणि समजेल अशा भाषेत, काय कव्हर आहे आणि काय नाही ते लिहावं. पोरांनी रस्ता सोडून ट्रॅकवर यावं असं खरंच वाटत असेल, तर तिथला धोका त्यांच्यापासून लपवून कसं चालेल?

तोवर एकच कसोटी लावा. जी गाडी उद्या भंगारात गेली तरी घरचं गणित कोलमडणार नाही, तीच ट्रॅकवर न्या.