घरी राहिलेल्या मतदाराचे मत

गावातील दारूचे दुकान चालावे की बंद व्हावे, याचा निर्णय गावकऱ्यांनीच मतपेटीतून करावा, हे तत्त्व महाराष्ट्राने स्वीकारले आहे. मार्च २००८ च्या शासनादेशाने त्याची रीत ठरवून दिली. एकूण मतदारांपैकी किंवा महिला मतदारांपैकी २५ टक्क्यांनी लेखी मागणी केली, की सह्यांची पडताळणी व्हावी आणि गुप्त मतदान घेण्यात यावे. मतपत्रिकेवर दोनच चित्रे. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. अक्षरओळख नसलेल्या शेतमजूर स्त्रीलाही आपला कौल देता यावा, इतकी ही पद्धत सोपी आहे.

तथापि या सोप्या मतपत्रिकेमागचे गणित तितके सोपे नाही. दुकान बंद होण्यास आडव्या बाटलीला झालेल्या मतदानात बहुमत मिळून भागत नाही. यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते तिला मिळावी लागतात. समजा, एखाद्या गावात १,००० महिला मतदार आहेत. त्यांपैकी ६०० मतदानास आल्या. ४८० जणींनी आडव्या बाटलीवर आणि १२० जणींनी उभ्या बाटलीवर शिक्का मारला. पाचांपैकी चौघींनी दुकान नको म्हटले, तरी ५०१ चा आकडा गाठला गेला नाही म्हणून दुकान चालूच राहणार. न आलेल्या ४०० जणी जणू उभ्या बाटलीच्या बाजूने उभ्या राहिल्या!

या ४०० जणी कोण असतात? कोणी ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेली असते, कोणाला एका दिवसाची मजुरी बुडविणे परवडत नाही. कोणी सासरी गेली, कोणी मरण पावली, पण यादीत नाव तसेच राहिले. ज्यांनी दुकानाला संमती दिलेली नाही, त्यांची गणना संमतीत करणे कोणत्या न्यायात बसते?

या नियमाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. दुकानाच्या पाठीराख्यांना मते मिळविण्याची गरजच उरत नाही. विरोधकांनी घराबाहेर पडू नये, एवढे साधले की पुरे. मग मतदान केंद्राकडे निघालेली स्त्री कोणत्या बाजूची, हे तिच्या नुसत्या चालण्यावरूनच गावाला कळते. गुप्त मतदानाची गुप्तता अशा रीतीने मतपेटीपर्यंत पोहोचण्याआधीच संपते.

याहून कितीतरी मोठे प्रश्न साध्या बहुमताने सुटले आहेत. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. केंद्रशासित प्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ व विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि निर्णय झाला. एकूण मतदार सुमारे ३ लाख ८८ हजार होते. म्हणजे विजयी पक्षाला यादीतील ४५ टक्केही मते नव्हती. एका प्रदेशाचे भवितव्य ज्या कसोटीवर ठरले, ती एका दुकानासाठी अपुरी का मानावी?

यावर असे म्हटले जाईल की, मूठभर उत्साही मंडळींच्या मतांवर परवानाधारकाचा व्यवसाय बंद करणे योग्य नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याला उपायही आहे. जर्मनीतील बव्हेरिया राज्यात १९९५ पासून नगरांतील नागरिक स्थानिक प्रश्नांवर थेट मतदान करतात. तेथे झालेल्या मतदानात बहुमत हवेच, शिवाय ते बहुमत एकूण मतदारांच्या ठराविक हिश्श्याइतके हवे. लहान गावांत हा हिस्सा २० टक्के असून लोकवस्ती वाढते तसा तो १० टक्क्यांपर्यंत उतरतो. मूठभरांची मनमानीही टळते आणि गैरहजेरीला मताचे मोलही येत नाही.

आपल्याकडे हा हिस्सा एकतृतीयांश ठेवावा, मतदानापूर्वी यादी तपासून मृत व स्थलांतरित नावे वगळावीत आणि मतदान मजुरीच्या सुट्टीच्या दिवशी घ्यावे. दारूबंदी इष्ट की अनिष्ट, हा वाद निराळा आहे. त्याचा निकाल गावाने काहीही लावावा. पण तो मत देणाऱ्यांनी लावावा, न देणाऱ्यांच्या नावावर तो खपविला जाऊ नये.