पडद्याने तिला कधी विचारलेच नाही

प्रेमावर आपल्या देशात जितके चित्रपट निघाले तितके क्वचितच दुसऱ्या कशावर निघाले असतील. तरीही लग्नानंतर दोन माणसे एकमेकांशी कशी वागतात, शरीराची गोष्ट घरात कशी बोलली जाते, किंवा का बोलली जात नाही, हे समजून घ्यायला चित्रगृहात गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येतो. अश्लीलतेची तक्रार करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यात मी भर घालणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या चित्रपटांत बाईला कोणी काही विचारतच नाही.

हे मी गडचिरोली जिल्ह्यातून लिहितो आहे. एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगराभोवती माडिया गोंडांची गावे आहेत, आणि एटापल्ली, आलापल्ली, अहेरीच्या बाजारपेठांत आपली मूठभर मुसलमान घरे. हे दोन्ही समाज एकाच आठवडी बाजारात भेटतात. दोघांच्याही बायका पडद्यावर येतात, तेव्हा एकीचे कपडे उतरवलेले असतात आणि दुसरीवर बुरखा टाकलेला असतो. तोंड मात्र दोघींचेही बंद असते.

आधी शेजारणीचे पाहू. हिंदी चित्रपटातली आदिवासी मुलगी म्हणजे शेकोटी, कवड्यांच्या माळा, उघडे खांदे आणि शहरातून आलेल्या नायकावर भाळणारे भोळे मन. 1947 साली व्हेरिअर एल्विन यांनी बस्तरच्या मुरियांच्या घोटुलवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे ज्यांनी तो वाचला नाही त्यांनीही 'तिथे सगळे मोकळे असते' एवढेच लक्षात ठेवले. आमच्याकडच्या माडिया गावातला गोटुल ही गावाची जागा आहे. तिथे बैठका होतात, तंटे मिटतात, पाहुणा उतरतो, तरुण पोरेपोरी रेला गातात, नाचतात. या समाजात मुलीसाठी हुंडा मोजत नाहीत; उलट मुलाकडचे लोक वधूमूल्य देतात. लग्नाच्या जेवणाला पैसे नाहीत म्हणून जोडपी आधी संसार मांडतात आणि विधी सवडीने करतात. विधवेला दुसरे घर करता येते.

पण हाच समाज पाळीच्या दिवसांत बाईला गावाच्या कडेच्या कुर्माघरात पाठवतो. पावसात, थंडीत, सापकिरड्यांत तिने तिथे राहायचे. निवडीचे स्वातंत्र्य आणि कुर्माघर एकाच बाईच्या वाट्याला येतात, हे गुंतागुंतीचे नाते नव्हे काय? कोणत्या दिग्दर्शकाने ते पाहिले? त्याला शेकोटी पुरली.

आता आपल्याकडे वळू. एके काळी मुस्लिम सामाजिक चित्रपट नावाचा प्रकार होता. 'चौदहवीं का चाँद' (1960), 'मेरे मेहबूब' (1963), 'पाकीज़ा' (1972). त्यांत लखनवी कोठ्या, शेरवान्या, जाळीआडचे डोळे होते. चंद्रपूरच्या कोळसा खाणीत उतरणारा मुसलमान किंवा आलापल्लीच्या लाकूड डेपोवर हिशेब लिहिणारा मुसलमान त्यांत नव्हता, आणि त्यांच्या बायका तर नव्हत्याच. पुढे नवाबी गेली आणि दंगल आली. 'बॉम्बे' (1995), 'गदर' (2001), 'वीर-झारा' (2004) यांची नावे घ्या. नायक हिंदू किंवा शीख, नायिका मुसलमान. उलटी जोडी एक तर 'जोधा अकबर' (2008) सारखी इतिहासात ठेवायची, नाहीतर 'केदारनाथ' (2018) सारखी शेवटी नायकाला मारून मोकळे व्हायचे. 'माय नेम इज खान' (2010) सारखा अपवाद घडला तो अमेरिकेत. याच काळात 13 डिसेंबर 2022 रोजी महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय-आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली आणि दोनच दिवसांत त्यातून आंतरजातीय हा शब्द काढून टाकला. पडद्यावर आधी ठरले की कोणते प्रेम चालेल. मग कागदावर ठरले की कोणत्या प्रेमावर नजर ठेवायची.

मुस्लिम संसार पडद्यावर आला तो बहुतेक तलाकपुरताच. तीन वेळा ओरडलेला शब्द म्हणजे नाटक आयते तयार. वास्तविक निकाह हा करार आहे. वकील आणि साक्षीदार मुलीकडे जातात, तिची मंजुरी घेतात, मेहर ठरतो आणि तो बापाचा नव्हे, तिचा स्वतःचा हक्क असतो. नवऱ्याबरोबर राहणे अशक्य झाले तर खुला मागण्याची वाट तिला आहे. 1939 च्या कायद्याने तिला कोर्टात जाऊन विवाह मोडून घेण्याचा अधिकारही दिला. एवढे नाट्य या करारात भरलेले आहे. 'कुबूल' म्हणण्याआधी ती क्षणभर गप्प राहिली, त्या गप्पपणात काय होते? मेहर कागदावर आणि हुंडा रोख, असा व्यवहार आपल्याच मोहल्ल्यात होताना त्या मुलीला काय वाटले? यावर चित्रपट कुठे आहेत?

अगदी नाहीत असे नाही. बी. आर. चोप्रांच्या 'निकाह' (1982) मध्ये शेवटी निलोफर दोन्ही नवऱ्यांना खडसावते की मला एकमेकांच्या हाती सोपवायला मी वस्तू नाही. त्याच वर्षी सागर सरहदींच्या 'बाजार'ने हैदराबादेत निकाहच्या नावाखाली मुलींचा होणारा सौदा दाखवला. 'सैराट' (2016) मला मोठा वाटतो तो गाण्यांमुळे नव्हे. पळून गेल्यावर हैदराबादेच्या झोपडीत आर्ची-परश्याचे भांडण होते, त्याला संशय येतो, तो हात उचलतो, ती निघून जाते, परत येते. प्रेम तिथे सुरू होते. मात्र त्याच 'सैराट'मधला सल्या मित्राच्या प्रेमासाठी जीव टाकतो. त्याला स्वतःचे मन असेल, हे कोणाच्या ध्यानीही आले नाही. मराठी चित्रपटातला मुसलमान आजही बहुधा दुसऱ्याच्या लग्नाचा साक्षीदार आहे.

'लोकांना हेच लागते' हा निर्मात्यांचा ठरलेला बचाव. त्यांनी एकदा वडसा-देसाईगंजला यावे. झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर सुरू होतात. माणसे कडाक्याच्या थंडीत रात्रभर बसून सासू-सून, भाऊबंदकी, फसवलेली पोर, दारुडा नवरा हे सगळे पाहतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. नाटके भडक असतात, हे खरे. पण घरातले दुःख पाहायला गरीब माणूस तिकीट काढतो, हे त्यांनी सिद्ध केले आहे. कुवत प्रेक्षकाची कमी नाही. धाडस दाखवणाऱ्याचे कमी आहे.

मित्रहो, दोष फक्त मुंबईच्या माथी मारून भागणार नाही. आपली जमात कशावर चिडते ते पाहा. 'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला 2017 साली सेन्सॉर बोर्डाने आधी प्रमाणपत्र नाकारले. आपल्यातल्या अनेकांना त्यात फक्त नावातला 'बुरखा' दिसला. आतली शिरीन, जिचा नवरा तिची इच्छा न विचारता रात्री तिच्यावर हक्क गाजवतो, ती कोणाला दिसली नाही. 2019 साली 'कबीर सिंग' आला. त्यातला नायक मुलीला न विचारता आपली म्हणून जाहीर करतो आणि पुढे तिच्यावर हातही उचलतो. त्याच्याविरुद्ध आपल्या एकाही मंचावरून निषेध झालेला मला आठवत नाही. उघडी कातडी पाहून आपण संतापतो, थप्पड पाहून नाही. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत सचिवालयावर मोर्चा घेऊन गेल्या. घरातली गोष्ट त्यांनी रस्त्यावर येऊन बोलून दाखवली. त्या सातजणींवर तरी चित्रपट निघायला हवा होता.

आणि गुंतागुंतच हवी असेल तर सूरजागडला काय कमी आहे? 2007 साली इथे 348 हेक्टरवर लोहखनिजाचा पट्टा दिला गेला. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी खाणीवरची सत्तरहून अधिक वाहने जाळली. 2021 पासून काम जोरात आहे. ट्रक आले, बाहेरचे चालक आले, पगार आले, लग्नाची आश्वासने आली, मोडली. ज्या डोंगरावर दर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते त्याच डोंगराचे दगड आता ट्रकने बाहेर जातात. खाणीत नोकरी लागलेल्या माडिया मुलीचा घरात शब्द चालतो का, हा प्रश्न प्रेमाचाही आहे.

जंगलातल्या चळवळीत लग्नाला पक्षाची परवानगी लागे आणि मूल होऊ नये म्हणून पुरुषाची नसबंदी केली जाई. शरण आल्यावर ती शस्त्रक्रिया उलटवून घेऊन बाप झालेली माणसे या जिल्ह्यात आहेत. 1 जानेवारी 2025 रोजी तारक्काने गडचिरोलीत शस्त्र खाली ठेवले. तिचा नवरा भूपती त्याच गावात 15 ऑक्टोबरला शरण आला. त्यांच्या हिंसेचे समर्थन मी करणार नाही. तिने इथल्या गावोगावी माणसे मारली आहेत. पण चार दशके जंगलात काढलेल्या त्या बाईला नवरा, मूल, देह यांबद्दल काय वाटत होते? उद्या यावर चित्रपट निघेल तेव्हा बंदुका भरपूर असतील. हा प्रश्न तिला कोणी विचारणार नाही.

म्हणून हे काम लिहिणाऱ्यांनी अंगावर घेतले पाहिजे. आपल्या कथा-कवितांत आई आहे, अम्मीची माया आहे, दंगलीत जळालेले घर आहे. नवरा-बायकोची रात्र नाही, त्यांचा अबोला नाही, खुला मागायला निघालेली बाई नाही. लोक काय म्हणतील, विरोधक त्याचा वापर करतील, ही भीती खरी आहे. पण आपण गप्प राहिलो म्हणून त्यांनी लिहायचे थांबवलेले नाही. निकाहच्या दिवशी वकील दाराशी येऊन मुलीला एकदा तरी विचारतो. लेखकाने निदान तेवढे करावे आणि तिचे उत्तर येईपर्यंत दाराशी थांबावे.