समुद्राला जायचा बेत

लांबच्या प्रवासाचा बेत आखायला बसले, की घरात दोन पक्ष पडतात. एक घड्याळाचा, दुसरा डब्यांचा. पहिल्याला किती तासांत पोचणार याची काळजी, दुसऱ्याला वाटेत काय खाणार याची. आमच्या घरी यंदा तिसरा पक्ष निघाला. तो आमच्या आईचा.

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, नाकाडोंगरी हे आमचे गाव. आजूबाजूला मँगनीजच्या खाणी, जवळच बावनथडीवरचे धरण. त्या जलाशयाला राजीव सागर म्हणतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आईने आजवर पाहिलेला सागर तेवढाच. खरा समुद्र एकदा पाहायचा, असे ती चैत्रात बोलून गेली, आणि दिवाळीनंतर मोटारीने मुंबईला जायचे ठरले.

चिरंजीवांचा बेत तयारच होता. "बाबा, ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. नागपूरपासून ७०१ किलोमीटर, आठ तास! रात्री नऊला निघू, सकाळी आजी चौपाटीवर."

कागदावर हिशेब बिनचूक होता. पण त्यात गाडी होती, माणसे नव्हती. आठ तास नागपूरपासूनचे. आमचे नागपूर गाठण्यातच दोन-अडीच तास जायचे. शिवाय सरळ, मोकळा, एकसारखा रस्ता हेच झोपेला आमंत्रण. ताशी १२० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. चालकाचा डोळा तीन सेकंद लागला, तर शंभर मीटर गाडी कोणाच्याच हाती नसते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला अपघात होऊन ती पेटली आणि २५ प्रवासी दगावले. ती बातमी आमच्या सौ.च्या मनातून गेलेली नाही. "रात्रीचा प्रवास असेल, तर मी आणि आई घरीच बऱ्या," तिने सांगून टाकले.

चिरंजीव फुरंगटले. तेव्हा आई म्हणाली, "अरे, समुद्र इतकी वर्षं थांबला, आणखी एक रात्र थांबेल. आणि जिजाऊंचं गाव वाटेवर आहे म्हणता, ते मला दाखवणार नाही का?"

निकाल लागला. आता बेत असा आहे. पहाटे साडेपाचला गाव सोडायचे. टायरांतली हवा निघण्यापूर्वीच, टायर थंड असताना तपासायची; तापल्यावर तो आकडा फसवा असतो. स्टेपनीही विसरायची नाही. दर दोन तासांनी थांबायचे, आईचे गुडघे मोकळे करायचे आणि चालक बदलायचा. तिची औषधे डिकीत नव्हे, सौ.च्या पिशवीत. दशम्या, चटणी आणि चिवडा घरचा. दुपारी सिंदखेडराजाला जिजाऊंचा राजवाडा पाहायचा आणि उजेड आहे तोवर छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करायचा. आपण पश्चिमेला जाणार, म्हणजे दुपार कलली की सूर्य थेट चालकाच्या डोळ्यांवर येतो, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी इगतपुरीचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा ओलांडायचा. महामार्ग आमणेला संपला, तरी समुद्र तिथून दूरच. ठाण्या-मुंबईची गर्दी आपला वेळ घेतल्याशिवाय सोडत नाही. म्हणून दुपारचे जेवण आणि विश्रांती नातलगांकडे. संध्याकाळी गिरगाव चौपाटी. सूर्य समुद्रात बुडताना आईला दिसला, तर दोन दिवस सार्थकी लागले.

चिरंजीव अजून कुरकुरतात, "मग एवढ्या वेगाच्या रस्त्याचा उपयोग काय?" वाचकहो, उपयोग आहेच. जुन्या रस्त्याने हा प्रवास आईच्या वयाला झेपलाच नसता. रस्त्याने वाचवलेले तास गाडी आणखी दामटण्यात घालवायचे, की म्हाताऱ्या माणसाला वाटेत चार वेळा उतरवून चहा पाजण्यात, हे मात्र रस्ता ठरवत नाही. ते घरातल्या माणसांनीच ठरवायचे असते.