वस्तीच्या अर्जाला किंमत कधी?

जानेवारी 2016 मध्ये देवनारची कचराभूमी पेटली. धूर मुंबईभर पसरला आणि तेव्हा कुठे शहराच्या नाकाला झोंबले. शाळा बंद ठेवाव्या लागल्या, पुढाऱ्यांचे दौरे झाले. गोवंडी, बैंगनवाडी, शिवाजीनगरची जनता मात्र हा धूर त्याआधीपासून छातीत घेऊन जगत होती. 1927 पासून शहराचा कचरा तिथेच ओतला गेला. वस्तीने तक्रारी केल्या नाहीत काय? केल्या. पण सोसायटीचा अर्ज ही 'नागरी समस्या' आणि वस्तीचा अर्ज म्हणजे अतिक्रमणवाल्यांची कटकट! तिथे दुर्गंधीची चौकशी होण्याआधी झोपडीचा पुरावा मागितला जातो.

1927 हेच महाडचे साल. चवदार तळे खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. तो कागदावर राहिला, म्हणून बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह तळ्यावर जावे लागले. त्यानंतर त्याच वर्षी नगरपालिकेने तो ठरावही रद्द केला! नगरपालिकेचा कागद आणि आपली वस्ती यांचे नाते इतके जुने आहे.

74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या. राज्याने 2009 मध्ये क्षेत्रसभेचा कायदा केला. क्षेत्रातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य. किती वस्त्यांनी अशी सभा भरलेली पाहिली? निवडून आलेल्या नगरसेवकांनी ती आधी वस्तीत बोलवावी, विभागाचा अधिकारी समोर बसवावा आणि आलेल्या प्रत्येक अर्जावर तिथेच आवक क्रमांक टाकून पोच द्यावी.