घरकुलाचा पैसा कोठे मुरतो?

बेघर माणसाला घर मिळावे म्हणून सरकारी तिजोरीतून खर्च व्हावा, याविषयी आता कोणाचे दुमत उरलेले नाही. १९८५ साली इंदिरा आवास योजना आली, २०१५ साली शहरांसाठी प्रधानमंत्री आवास योजना आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या दुसऱ्या पर्वाला मान्यता दिली. एक कोटी कुटुंबांसाठी २ लाख ३० हजार कोटी रुपयांचे सरकारी साहाय्य, हा आकडा लहान नव्हे. प्रश्न एवढाच, की हा पैसा गोमंतकातील बिऱ्हाडकरूच्या दारापर्यंत पोहोचावा कसा?

योजनेतील एक वाट स्वतःची जमीन असलेल्यांसाठी आहे. त्यांना घर बांधण्यास अनुदान मिळते. दुसरी वाट कर्ज काढून घर घेणाऱ्यांसाठी आहे. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि त्यातील पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याजाची सवलत. ही सवलत फार तर १ लाख ८० हजारांची, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे महिन्याच्या मापाने तीन हजार. आता दुर्बल घटकाची उत्पन्नमर्यादा पाहा : वर्षाला ३ लाख, दरमहा २५ हजार. या माणसाने १५ लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर हप्ता साडेतेरा हजारांच्या घरात जातो. निम्म्याहून अधिक मिळकत बँकेत भरून तो मुलांची शाळा, औषधपाणी आणि बाजारहाट कसा भागवणार? शिवाय रोजंदारीवर राबणाऱ्याला पगाराची चिठ्ठीच नसते; बँक त्याला दारात उभे करील काय?

आमच्या राज्यात या दुखण्याला आणखी एक पदर आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील जवळजवळ पाचांतील एक घर रिकामे आढळले होते. घरे बांधली जात नाहीत, असे नव्हे; ती राहणाऱ्यांसाठी बांधली जात नाहीत. सुटीपुरते येणाऱ्याची आणि पैसा गुंतवू पाहणाऱ्याची थैली जेथे भाव ठरवते, तेथे गरिबाला दिलेली व्याजाची सवलत अखेर विकणाऱ्याच्या किमतीत मुरण्याचा धोका असतो.

मुक्तीनंतरच्या गोव्याला या प्रश्नाचे मर्म कळले होते. १९६८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ आले. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या मर्जीवर राहणाऱ्या कुटुंबाला संरक्षण दिले आणि घर विकत घेण्याचा हक्कही दिला. दोन्ही कायद्यांनी हात घातला तो घराच्या मुळाशी, म्हणजे जमिनीला. मुंडकाराला कोणी व्याजात सूट दिली असती, तर तो आजही भाटकाराच्या दयेवरच राहिला असता. आजचा बिऱ्हाडकरू मात्र मुंडकार नाही, जमीनमालक नाही आणि बँकेचा लाडका ग्राहकही नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. योजनेत भागीदारीतून बांधावयाच्या व भाड्याने द्यावयाच्या घरांच्याही वाटा आहेत. त्या खऱ्या अर्थाने खुल्या करावयाच्या, तर राज्य सरकारने जमीन घेऊन पुढे आले पाहिजे. शहरांलगतच्या सरकारी जागांची यादी जाहीर करावी, गृहनिर्माण मंडळाने तेथे लहान घरे बांधावीत, जमीन मंडळाच्याच नावे ठेवून घर दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने द्यावे. विकावयाचे झाल्यास ते ठरावीक दराने मंडळालाच विकण्याची अट असावी. नाहीतर आजचे घरकुल उद्या कोणाचा तरी सुटीचा बंगला होईल. यासाठी डोंगर कापण्याची वा शेते बुजविण्याची सबब कोणी पुढे करू नये. महागड्या वसाहतींना जागा सापडते, तर कामगाराच्या चार भिंतींना ती का सापडू नये?

सरकारचा पैसा हा शेवटी जनतेचा पैसा. तो व्याजाच्या रूपाने वाटला की पाच वर्षांत संपतो. जमिनीच्या रूपाने राखला, तर एका पिढीमागून दुसरी पिढी त्या छपराखाली राहते. यांतले काय हवे, हे राज्यकर्त्यांनी पुढचा अर्थसंकल्प मांडण्यापूर्वी ठरवावे.